द क्लॅश आणि 'लंडन कॉलिंग': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि आरडाओरडा' असं ऐकून 'लंडन कॉलिंग' हा द क्लॅश या लंडनच्या पंक बँडचा १९७९ चा अल्बम लावणारा माणूस पहिल्याच बाजूला बुचकळ्यात पडतो. आधी गंभीर, दमदार रॉक, लगेच पन्नाशीच्या दशकातलं रॉकबिली (अमेरिकन रॉक अँड रोलचा सुरुवातीचा प्रकार), मग जॅझची शीळ आणि बाजू संपताना ट्रम्पेट वाजवत आलेलं जमैकन स्का. हा पंक आहे कुठे, असा प्रश्न त्याला पडतो. खालचे बरेच प्रश्न त्याच गोंधळातून आलेले आहेत. हा अल्बम माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

द क्लॅशमध्ये कोण कोण होतं?

जो स्ट्रमर गायचा आणि ऱ्हिदम गिटार वाजवायचा. मिक जोन्स लीड गिटार वाजवायचा, काही गाणी गायचा आणि बहुतेक चाली व वाद्यमेळ त्याच्या डोक्यातून यायचे. पॉल सिमोनन बेसवर होता. ड्रमवर आधी टेरी चाइम्स आणि १९७७ पासून टॉपर हेडन.

चौघंही एका साच्यातले नव्हते. स्ट्रमरचं खरं नाव जॉन ग्रॅहम मेलर. जन्म १९५२ मध्ये तुर्कस्तानातल्या अंकाऱ्यात. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात होते आणि त्यांचा स्वतःचा जन्म आपल्या लखनौचा. जोचं लहानपण कैरो, मेक्सिको सिटी अशा शहरांत गेलं, पुढे इंग्लंडमधल्या निवासी शाळेत. मिक जोन्स मात्र पक्का लंडनचा. आई-वडील वेगळे झाल्यावर आजीनं त्याला वाढवलं, आणि पुढे तो तिच्यासोबत वेस्टवे या उन्नत महामार्गाशेजारच्या सरकारी टॉवरमध्ये, अठराव्या मजल्यावर राहत होता. सिमोनन ब्रिक्स्टन आणि लॅडब्रोक ग्रोव्ह या कॅरिबियन वस्तीच्या भागांत वाढला. त्याला चित्रं काढता येत होती, बेस वाजवता येत नव्हता. सुरुवातीला त्यानं बेसच्या पट्टीवर स्वरांची नावं लिहून घेतली होती. टॉपर हेडन या सगळ्यांत सर्वांत तयारीचा वादक. जॅझ आणि सोल या दोन्हींत त्याचा हात चालायचा. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच उभं आहे.

बँड सुरू कसा झाला?

१९७६ च्या वसंतात. स्ट्रमर तेव्हा 'द वनोवनर्स' नावाच्या पब रॉक बँडमध्ये होता. एका कार्यक्रमात त्यांच्या आधी सेक्स पिस्टल्स हा नवा पंक बँड वाजवून गेला आणि आपला बँड एका रात्रीत जुना झाला, हे त्याला कळून चुकलं. मॅनेजर बर्नी ऱ्होड्सनं त्याची जोन्स आणि सिमोननशी गाठ घालून दिली. ४ जुलै १९७६ ला शेफील्डमध्ये, पुन्हा सेक्स पिस्टल्सच्याच आधी, क्लॅशचा पहिला कार्यक्रम झाला. जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी एक लाख पौंडांचा करार झाला आणि एप्रिलमध्ये पहिला अल्बम आला.

पंक बँडला रेगेचं वेड कुठून लागलं?

रेगे हे जमैकाचं संगीत. बँडमधले राहत होते त्या गल्ल्यांतूनच ते आलं. हा मुद्दा समजला की 'लंडन कॉलिंग' आपोआप उलगडतो, म्हणून इथे थोडं थांबू.

दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका, त्रिनिदाद आणि आसपासच्या बेटांवरून हजारो कुटुंबं लंडनला आली. ब्रिक्स्टन आणि नॉटिंग हिल-लॅडब्रोक ग्रोव्ह हे त्यांचे मुख्य भाग. घरभाडी स्वस्त, म्हणून गरीब गोरी कुटुंबंही तिथेच. साउंड सिस्टिमच्या भल्यामोठ्या स्पीकरमधून येणारा बेस हा त्या वस्त्यांचा रोजचा आवाज होता. सिमोनन शाळकरी वयात स्का आणि रॉकस्टेडी हे रेगेच्या आधीचे जमैकन प्रकार ऐकत मोठा झाला. त्यानं रेगे 'शोधला' असं म्हणणं चूक ठरेल, कारण त्याच्या मोहल्ल्याचं संगीतच ते होतं.

पुढे १९७६ च्या ऑगस्टमध्ये नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्यात मोठी दंगल पेटली. स्ट्रमर आणि सिमोनन त्या गर्दीत होते. 'व्हाइट रायट' (गोऱ्यांची दंगल) हे गाणं त्यातून आलं. त्याच्या नावावरून अनेकांचा आजही गैरसमज होतो. कृष्णवर्णीय तरुण अन्यायाविरुद्ध उभे राहतात, मग आपण गोरे गप्प का, असा त्या गाण्याचा सवाल आहे.

तिसरा धागा रॉक्सी क्लबचा. १९७७ च्या सुरुवातीला लंडनच्या या पंक क्लबात रेकॉर्ड लावायचं काम डॉन लेट्सकडे होतं. त्याचे आई-वडील जमैकाचे. तेव्हा पंकच्या रेकॉर्डच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, म्हणून दोन बँडच्या मधल्या वेळात तो आपल्या संग्रहातला रेगे आणि डब (गाण्याचे शब्द बरेचसे गाळून बेस व घुमारा वाढवलेला रेगे) लावायचा. पंक पोरांना ते आवडलं. त्याच वर्षी खुद्द बॉब मार्लीनं पंक आणि रेगेच्या या दोस्तीवर गाणं केलं आणि त्यात क्लॅशचं नाव घेतलं.

म्हणजे 'लंडन कॉलिंग'च्या आधीही त्यांनी मिश्रण केलं होतं?

हो. पहिल्याच अल्बमवर ज्युनियर मर्विनचं 'पोलीस अँड थीव्ह्ज' आहे. बाकीची गाणी दोन-अडीच मिनिटांत संपतात, हे सहा मिनिटं चालतं.

तिथे मिक जोन्सनं जी युक्ती केली ती नीट ऐकण्यासारखी आहे. रेगेत गिटार ठोक्यावर पडत नाही. ती दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत 'चक' करून वाजते आणि ड्रमचं मुख्य वजन दर चार ठोक्यांतल्या तिसऱ्यावर येतं. पंकमध्ये उलट, प्रत्येक ठोक्यावर हाणायचं. जोन्सनं एक गिटार ठोक्यावर ठेवली आणि दुसरी मधल्या जागेत. दोन्ही लयी एकमेकींना खेटून चालतात. जमैकन गायकाची नक्कल करण्याचा मोह टाळून त्यांनी आपल्या हाताला झेपेल असं काहीतरी नवं उभं केलं.

नंतर मूळ 'पोलीस अँड थीव्ह्ज'चा निर्माता ली पेरी यानं त्यांच्या 'कम्प्लीट कंट्रोल' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात हात घातला. १९७८ चं '(व्हाइट मॅन) इन हॅमरस्मिथ पॅले' तर माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचं वळण आहे. एका रेगे रात्रीला गेलेला गोरा तरुण तिथे काय शोधत होता आणि त्याला काय सापडलं, हे स्ट्रमर त्यात स्वतःलाही न सोडता सांगतो.

'लंडन कॉलिंग' कसा तयार झाला?

तंगीत. दुसऱ्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणानंतर, १९७८ च्या शरदात, त्यांनी ऱ्होड्सला काढलं आणि त्याबरोबर सरावाची जागाही गेली. खिशात पैसे नव्हते, हातात नवी गाणी नव्हती. १९७९ च्या सुरुवातीला ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले तेव्हा त्यांनी आपल्या आधी वाजवायला बो डिडलीला बोलावलं होतं. पंक पोरं रोज रात्री रॉक अँड रोलच्या एका मूळपुरुषाला जवळून पाहत होती. त्याचा परिणाम पुढे दिसतोच.

परत आल्यावर पिम्लिको भागात एका गॅरेजच्या मागे 'व्हॅनिला' नावाची सरावाची खोली मिळाली. दिवसाचा क्रम ठरलेला होता. जमायचं, समोरच्या मैदानात फुटबॉल खेळायचा, मग वाजवत बसायचं. बाहेरच्या माणसाला फारसा प्रवेश नव्हता. या महिन्यांत त्यांनी जुनी गाणी मनसोक्त वाजवली: रॉकबिली, रेगे, ऱ्हिदम अँड ब्लूज. एकमेकांच्या आवडीची गाणी वाजवता वाजवता स्वतःची गाणी सुचत गेली. टॉपरला काहीही वाजवता येत असल्यामुळे 'हे आपल्याला जमणार नाही' असं म्हणायची वेळच आली नाही. ड्रमर मर्यादित असता तर हा अल्बम झालाच नसता, असं मला ठामपणे वाटतं.

ऑगस्ट १९७९ मध्ये ते हायबरीतल्या वेसेक्स स्टुडिओत गेले.

गाय स्टीव्हन्सच्या गोष्टी खऱ्या आहेत का?

खऱ्या आहेत. निर्माता म्हणून बँडनं हट्टानं निवडलेला हा माणूस. साठच्या दशकात अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूज इंग्लंडमध्ये रुजवणाऱ्यांपैकी तो एक. मिक जोन्सच्या आवडत्या मॉट द हूपल या बँडचाही तो निर्माता होता. १९७९ पर्यंत दारूनं त्याचं करिअर पार मोडलं होतं आणि सीबीएसला तो अजिबात नको होता.

स्टुडिओत त्यानं खुर्च्या फेकल्या, शिड्या आपटल्या, पियानोत वाइन ओतली. हेतू एकच: वाजवणाऱ्यांनी बिनचूकपणाच्या मागे न लागता जीव ओतावा. 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' हे व्हिन्स टेलरचं १९५९ चं रॉकबिली त्यांनी हात मोकळे करायला म्हणून वाजवलं. स्टीव्हन्स म्हणाला, झालं, हेच ठेवायचं. लय मध्येच वाढली आहे, अशी टॉपरची तक्रार होती. सगळ्याच रॉक अँड रोलची लय वाढते, असं उत्तर मिळालं आणि तोच टेक अल्बमवर आहे.

हे सगळं टेपवर स्वच्छ उतरलं याचं श्रेय ध्वनिमुद्रक बिल प्राइस याचं. त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही, पण इतकी वेगवेगळी गाणी एका अल्बमची वाटतात ती त्याच्यामुळेच. स्टीव्हन्स दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९८१ मध्ये गेला.

कोणत्या गाण्यात कोणता प्रकार ऐकायला मिळतो?

एकोणीस गाणी आहेत, सगळ्यांचा पाढा वाचत नाही. ज्यांत मिश्रण नीट कळतं तेवढीच घेतो.

'जिमी जॅझ' रेंगाळत येतं, शिटी वाजवत, पितळी वाद्यांसह. 'रूडी कान्ट फेल' हे स्का आणि रेगेच्या सीमेवरचं, उत्सवी. 'रूडी' म्हणजे जमैकन वस्त्यांतला टगा तरुण. ब्रास वाजवणाऱ्यांना अल्बमवर 'आयरिश हॉर्न्स' म्हटलंय, आणि ऑर्गनवर ब्लॉकहेड्स या बँडचा मिकी गॅलघर आहे.

'स्पॅनिश बॉम्ब्स'ची चाल इतकी गोड की शब्दांकडे लक्षच जाऊ नये. शब्द मात्र स्पेनच्या यादवी युद्धाचे, फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी १९३६ मध्ये मारलेल्या कवी लोर्काचे. स्ट्रमर त्यात मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये गातो आणि ती मोडकी भाषाच काळजाला हात घालते.

'लॉस्ट इन द सुपरमार्केट' शब्दांनी स्ट्रमरचं, गळ्यानं जोन्सचं. मित्राचं एकाकी लहानपण कसं असेल याची कल्पना करून स्ट्रमरनं ते लिहिलं आणि मित्राच्याच हाती दिलं. मागे टॉपरचा ठेका डिस्कोकडे झुकतो. पंक आणि डिस्को यांचं तेव्हा हाडवैर समजलं जायचं, तरीही.

'राँग एम बॉयो' हे मूळ जमैकातल्या द रूलर्सचं. त्याची सुरुवात स्टॅगर ली या जुन्या अमेरिकन लोककथेतल्या गुंडाच्या गाण्यानं होते, मग गाणं मध्येच थांबतं आणि स्काच्या लयीत नव्यानं सुरू होतं. अमेरिका ते जमैका ते लंडन, हा सगळा प्रवास तीन मिनिटांत. 'द कार्ड चीट'मध्ये आवाज भव्य करण्यासाठी प्रत्येक वाद्य दोनदा ध्वनिमुद्रित केलं आहे. 'रेव्होल्यूशन रॉक' हे डॅनी रेचं रेगे, निवांत आणि लांब.

'क्लॅम्पडाउन' सरळ रॉक आहे. नोकरीला लागलेला बंडखोर हळूहळू साहेब कसा होतो, यावर इतकं नेमकं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'बद्दल वेगळं सांगाल का?

आनंदानं. हे पॉल सिमोननचं. त्यानं लिहिलेलं आणि त्यानंच गायलेलं. बँडची पोस्टर आणि कपडे तो घडवायचा, पण पैसे गाणी लिहिणाऱ्यांना मिळतात हे त्याच्या ध्यानात आलं होतं, म्हणून तो लिहायला बसला असं त्यानं स्वतः सांगितलं आहे. तीन वर्षांपूर्वी ज्याला बेस धरता येत नव्हता त्यानं रॉकमधली सर्वांत ओळखीची एक बेसलाइन लिहिली. ती आधी येते, एकटी, आणि तेवढ्यानंच खोलीतली हवा बदलते.

गाण्यातला तरुण पोलिसांनी दार तोडल्यावर काय करायचं याचा विचार करतो. जमैकन सिनेमातल्या बंदूकधारी नायकाची सावली त्यावर आहे. ब्रिक्स्टनची मोठी दंगल एप्रिल १९८१ मध्ये झाली, म्हणजे गाणं तिच्या दीड वर्ष आधीचं. भविष्यवाणी वगैरे म्हणायची गरज नाही. तिथे वाढलेल्या मुलाला वस्तीत काय खदखदतंय ते दिसत होतं.

१९९० मध्ये बीट्स इंटरनॅशनलच्या 'डब बी गुड टू मी'नं हीच बेसलाइन उचलली आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

अल्बमचं नाव कुठून आलं?

दुसऱ्या महायुद्धात बीबीसी परदेशांसाठी प्रक्षेपण सुरू करताना 'धिस इज लंडन कॉलिंग' अशी हाक द्यायची. नाझींच्या ताब्यातल्या देशांत लोक लपूनछपून ती ऐकायचे. स्ट्रमरनं ती हाक आपल्या काळातल्या संकटांसाठी वापरली. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला होता. टेम्सला पूर येऊन मध्य लंडन बुडेल ही भीतीही खरी होती, पूर अडवणारा बांध तेव्हा अजून पुरा व्हायचा होता. गाण्याच्या अगदी शेवटी गिटारच्या पिकअपमधून मोर्स लिपीतला मदतीचा संकेत, एसओएस, विरत जातो. हेडफोन लावून ऐका.

मुखपृष्ठावरच्या फोटोत काय चाललंय?

सप्टेंबर १९७९, न्यूयॉर्कचं पॅलेडियम. पॉल सिमोनन आपला फेंडर प्रिसिजन बेस रंगमंचावर आपटतोय. सुरक्षारक्षक प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठू देत नव्हते, सभागृह मेल्यासारखं बसलं होतं आणि त्याचा संताप त्या बेसवर निघाला. फोटो पेनी स्मिथचा. तो धूसर आहे म्हणून मुखपृष्ठावर नको, असं तिचं म्हणणं होतं. स्ट्रमर आणि मांडणी करणारा व्यंगचित्रकार रे लोरी यांनी ऐकलं नाही.

लोरीनं गुलाबी आणि हिरवी अक्षरं १९५६ च्या एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या अल्बमवरून घेतली. रॉक अँड रोलच्या पहिल्या काळाशी हिशेब आणि नातं, दोन्ही त्या एका चौकोनात आले. २०१० मध्ये ब्रिटिश टपाल खात्यानं या मुखपृष्ठाचं तिकीट काढलं. बेसचे तुकडे जपून ठेवलेले आहेत. ते पुढे लंडनच्या संग्रहालयात गेले.

दोन रेकॉर्डचा अल्बम एका रेकॉर्डच्या किमतीत कसा विकला?

बँडला डबल अल्बम हवा होता, पण आपल्या श्रोत्यांच्या खिशाला तो परवडायला हवा होता. सीबीएसनं नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, अल्बमसोबत बारा इंची सिंगल फुकट देता येईल का? कंपनी हो म्हणाली. त्या 'फुकट सिंगल'वर गाणी वाढत वाढत नऊ झाली आणि तो चक्क दुसरा पूर्ण अल्बम निघाला. किंमत पाच पौंडांच्या आसपास राहिली.

पंकबद्दलच्या चर्चेत केसांचे रंग आणि सेफ्टी पिना यांवर खूप लिहिलं जातं. मला या किमतीच्या भांडणात त्यांचा पंक जास्त दिसतो.

'ट्रेन इन वेन' हे शेवटचं गाणं मूळ अल्बमच्या छापील यादीत का नाही?

ते एका साप्ताहिकाबरोबर मोफत द्यायच्या रेकॉर्डसाठी केलं होतं. तो बेत बारगळला तेव्हा मुखपृष्ठं छापून झाली होती. गाणं शेवटी जोडलं, नाव छापायचं राहिलं. अमेरिकेत तेच त्यांचं पहिलं हिट ठरलं, क्रमांक २३.

पण मग हा पंक राहतो का? ते 'विकले गेले' असा आरोप झाला होता ना?

झाला होता, आणि तो सीबीएसशी करार केला त्या दिवसापासूनच होत होता. मोठ्या कंपनीचे पैसे घेऊन व्यवस्थेविरुद्ध गाणं यातला ताण खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. बँडनंही झटकला नाही, 'कम्प्लीट कंट्रोल' हे कंपनीच्याच विरोधातलं गाणं आहे.

संगीत बदललं म्हणून पंक संपला, हे मात्र मला पटत नाही. १९७९ पर्यंत पंकचाच एक गणवेश तयार झाला होता. ठरावीक वेग, ठरावीक कपडे, ठरावीक चीड. सुरुवातीला पंकनं सांगितलं होतं की परवानगी मागत बसू नका. त्याच न्यायानं क्लॅशनं रेगे वाजवायला, जॅझ वाजवायला, प्रेमगीत करायला कोणाची परवानगी मागितली नाही. शिवाय ज्यांची गाणी घेतली त्यांना त्यांनी लपवलं नाही. मर्विन, डॅनी रे, द रूलर्स यांच्या मूळ रेकॉर्ड क्लॅशमुळे शोधत गेलेले श्रोते जगभर भेटतात.

डिसेंबर १९७९ चा अल्बम 'ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम' कसा?

इंग्लंडमध्ये तो १४ डिसेंबर १९७९ ला आला, अमेरिकेत जानेवारी १९८० मध्ये. अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन' मासिकानं आपल्याकडची तारीख धरून १९८९ मध्ये त्याला दशकातला पहिला क्रमांक दिला.

त्यानंतर 'सँडिनिस्टा!' हा तीन रेकॉर्डचा अल्बम का?

भूक वाढली होती. डिसेंबर १९८० मध्ये आलेल्या या अल्बमवर छत्तीस गाणी आहेत: डब, गॉस्पेल, कॅलिप्सो, वॉल्ट्झ, लहान मुलांनी गायलेलं जुनं गाणं. किंमत पुन्हा कमी ठेवली, ५.९९ पौंड. त्यासाठी ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींचं मानधन त्यांनी सोडलं. नाव निकाराग्वातल्या क्रांतिकारकांचं.

प्रामाणिक मत: सहाही बाजू सलग ऐकवत नाहीत, शेवटचा भाग विस्कळीत आहे. पण 'द मॅग्निफिसंट सेव्हन' ऐका. एप्रिल १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ते केलं. रॅप तेव्हा शहराच्या वस्त्यांबाहेर जेमतेम पोचलं होतं आणि इंग्लंडचा हा बँड सकाळी सातला कामाला निघणाऱ्या माणसाचं रॅप करत होता. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओवर ते वाजलं.

१९८१ च्या उन्हाळ्यात टाइम्स स्क्वेअरमधल्या बॉन्ड्स सभागृहात त्यांचे आठ कार्यक्रम ठरले होते. तिकिटं क्षमतेपेक्षा जास्त विकली गेल्यानं अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. तिकीट काढलेल्या प्रत्येकाला कार्यक्रम दाखवता यावा म्हणून त्यांनी सतरा कार्यक्रम केले. आपल्या आधी त्यांनी ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह या रॅप गटाला बोलावलं, तर क्लॅशच्याच चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली, वस्तू फेकल्या. बँड प्रचंड चिडला. आवडत्या बँडचे कान आपल्यापेक्षा मोकळे असू शकतात, हे त्या चाहत्यांना तेव्हा समजलं नाही.

'रॉक द कॅस्बा'चा भारतीय रागाशी खरंच संबंध आहे?

आहे, थोडा गमतीशीर. १९८१ मध्ये ऱ्होड्स मॅनेजर म्हणून परतला होता. 'कॉम्बॅट रॉक' या पुढच्या अल्बमसाठी बँड एकाहून एक लांब गाणी करत होता. सगळं रागासारखं लांबलचकच असायला हवं का, अशी कटकट त्यानं केली. स्ट्रमरनं तो शब्द पकडला, आणि राजा 'राग' बंद करायला फर्मावतो अशी ओळ लिहिली. तिथून गाणं संगीतावर बंदी घालणाऱ्या राज्यकर्त्याची आणि ती न जुमानणाऱ्या लोकांची गोष्ट झालं.

संगीत मात्र पूर्णपणे टॉपर हेडनचं. बाकीचे स्टुडिओत यायच्या आत पियानो, बेस आणि ड्रम त्यानं एकट्यानं वाजवून ठेवले होते. गाणं अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं.

इतकं यश मिळत असताना बँड फुटला का?

मे १९८२ मध्ये, 'कॉम्बॅट रॉक' बाजारात येत असतानाच, हेरॉइनच्या व्यसनापायी टॉपरला काढलं. 'रॉक द कॅस्बा'च्या व्हिडिओत त्याचे ड्रम टेरी चाइम्स वाजवताना दिसतो. ते पाहताना मला दरवेळी वाईट वाटतं. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये द हू या बड्या बँडच्या आधी ते वाजवत होते, म्हणजे प्रसिद्धीच्या शिखरावर होते. सप्टेंबर १९८३ मध्ये स्ट्रमर आणि सिमोनन यांनी मिक जोन्सलाही काढलं. हा निर्णय चुकला, हे स्ट्रमरनं नंतर मान्य केलं.

नव्या वादकांना घेऊन केलेला १९८५ चा 'कट द क्रॅप' चांगला नाही. १९८६ च्या सुरुवातीला बँड संपला.

पुढे चौघांचं काय झालं?

जोन्सनं बिग ऑडिओ डायनामाइट काढला आणि डॉन लेट्सला सोबत घेतलं. रॉक, हिपहॉप आणि सिनेमातले संवाद एकत्र करत 'सँडिनिस्टा!'चंच काम पुढे नेलं. सिमोनन चित्रकलेकडे वळला. २०१० मध्ये तो आणि जोन्स गोरिलाझच्या अल्बमवर व दौऱ्यात पुन्हा एकत्र वाजवले. टॉपर अनेक वर्षं व्यसनाशी झगडून सावरला.

स्ट्रमरनं बरीच वर्षं चाचपडल्यावर मेस्कलेरोज हा बँड उभा केला. १५ नोव्हेंबर २००२ ला ॲक्टनच्या टाउन हॉलमध्ये, संपावर असलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी तो गात होता. प्रेक्षकांत बसलेला मिक जोन्स अचानक मंचावर चढला आणि दोघांनी जवळपास वीस वर्षांनी एकत्र वाजवलं. २२ डिसेंबर २००२ ला स्ट्रमर हृदयातल्या जन्मजात दोषामुळे गेला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी.

त्यांचा ठसा आज कुठे ऐकू येतो?

सर्वांत थेट उदाहरण म्हणजे एमआयए या गायिकेचं 'पेपर प्लेन्स'. त्याची पार्श्वभूमी 'कॉम्बॅट रॉक'वरच्या 'स्ट्रेट टू हेल'मधून उचललेली आहे. मूळ गाण्यात ब्रिटनमधले परदेशातून आलेले लोक आहेत, व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांनी मागे सोडलेली मुलं आहेत. पंचवीस वर्षांनी श्रीलंकन तमिळ घरातली लंडनची मुलगी त्याच सुरांवर स्थलांतरितांचंच गाणं करते.

पहिल्यांदाच ऐकायचं तर कुठून सुरुवात करू?

'लंडन कॉलिंग'ची दुसरी बाजू, म्हणजे 'स्पॅनिश बॉम्ब्स'पासून 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'पर्यंतची पाच गाणी, क्रम न मोडता. शफल बंद ठेवा. ती आवडली तर पूर्ण अल्बम, साधारण पासष्ट मिनिटांचा. मग 'हॅमरस्मिथ पॅले' आणि पहिला अल्बम. 'सँडिनिस्टा!' सर्वांत शेवटी आणि दोन-तीन बैठकांत.

रेगेचा कान नसेल तर आधी ज्युनियर मर्विनचं मूळ 'पोलीस अँड थीव्ह्ज' ऐका, लगेच क्लॅशचं. दोन्हींत गिटार कुठे पडते तेवढंच पाहा.

कोणती आवृत्ती घ्यावी?

ऐकण्यासाठी साधी आवृत्ती पुरेशी आहे. २००४ च्या पंचविसाव्या वर्धापनाच्या आवृत्तीत 'व्हॅनिला टेप्स' जोडल्या आहेत. सरावाच्या खोलीत केलेलं हे ध्वनिमुद्रण भुयारी रेल्वेत विसरलं आणि कायमचं गेलं, असं समजत होते. घर बदलताना मिक जोन्सला त्याच्या खोक्यांत एक प्रत सापडली. आवाज कच्चा आहे, काही गाण्यांना अजून शब्दही नाहीत. बँड एकमेकांना ऐकत कसा वाजवतो ते कळायला यासारखं दुसरं काही नाही, तेव्हा शक्य असेल तर तीच घ्या.